रिळाचा खटका आणि गुलाबकाकांची म्हैस

आमच्या नव्या फिशिंग रॉडला लागलेलं पहिलं जनावर म्हणजे गुलाबकाकांची म्हैस.

हे मी स्वतःहून सांगते आहे, कारण बाभुळगावच्या बाजारात, कळंबच्या बसस्टँडवर आणि मी नोकरी करते त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही ही गोष्ट माझ्याआधी पोचलेली असते. शिवाय प्रत्येक ठिकाणी म्हैस थोडी वाढलेली असते. परवा बसमध्ये एका बाईनं विचारलं, "मॅडम, त्या दोन म्हशी तुमीच पकडल्या होत्या ना?" दोन! मला राग येतो. तसा मला लहानपणापासूनच येतो, पण चुकीच्या आकड्याचा जास्त येतो. म्हैस एकच होती. ती मी पकडली नव्हती. ती आपण होऊन लागली होती.

मी कुंदा. बी.एस्सी., भौतिकशास्त्र. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजच्या फाटकातून आत गेलेलं नाही (दादा एकदा गेला होता, पण तो कापसाची गाडी कुठून वळवायची हे विचारायला). माझी पदवी फ्रेम करून देव्हाऱ्याच्या वर टांगलेली आहे, त्यामुळे माय रोज हात जोडते तेव्हा थोडी भक्ती विद्यापीठालाही पोचते. घरात मिक्सर येवो की फवारणीचा पंप, त्याच्या खोक्यातला कागद माझ्यापुढे येतो. "कुंदे, वाच व, काय लिवलं." मी वाचते. मी समजावून सांगते. आणि मग कोणीही माझं ऐकत नाही. याचाही मला राग येतो.

रॉड का घेतला, ते आधी सांगायला हवं.

आमच्याकडे मृग लागतो त्या दिवशी घरोघरी मासे शिजतात. मोठा मासा नाही जमला तर मूठभर झिंगे, पण त्या दिवशी चुलीवर पाण्यातलं काहीतरी चढलंच पाहिजे. आमच्या घरी तो मासा बाबा आणायचे, आणि तोही विकत नाही. धरणाच्या मागच्या पाण्यावर सकाळी एकटे जायचे, सोबत फक्त गरी, म्हणजे एक गळ आणि हातात धरायचा तंगूस, नायलॉनचा बारीक दोरा. ना काठी ना चकरी. तंगूस बोटाला गुंडाळून बसायचे आणि ऊन तापायच्या आत मासा घेऊन दारात हजर. "काय व, मसाला वाटला का नाई?" हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य.

मग त्यांना लकवा मारला. पाय वाचले, बोलणं वाचलं, उजवा हात गेला. म्हणजे हात जागेवर आहे, पण चहाचा कप त्याच्या भरवशावर ठेवता येत नाही. त्या वर्षीच्या मृगाला मायनं बाजारातून मासा आणला, झणझणीत रस्सा केला. बाबांनी ताटाकडे पाहिलं.

"कोनं धरला?"

"बाजारातला होय," माय म्हणाली.

"मले वरन वाढ."

झालं! बाबांनी वरण घेतलं म्हणून मायनं वरण घेतलं, माय खात नाही म्हणून दादानं, आणि मी एकटी मासा खाणारी कोण मोठी लागून गेले म्हणून मी! सगळ्या गावात माशाचा घमघमाट, आणि आमच्या घरात चार माणसं खाली माना घालून वरण-भात कालवताहेत. मासा मांजरीनं खाल्ला. पुढच्या मृगाला पुन्हा तेच. फरक एवढाच, की मांजर या वेळी आधीपासून येऊन बसली होती.

मी ठरवलं, तिसऱ्या मृगाला बाबा त्यांच्या हातानं धरलेला मासा खातील. मांजरीनं आपली सोय दुसरीकडे बघावी.

शोधाशोध करून मी रॉड आणि रीळ मोबाइलवरून मागवलं. खोकं आलं. सोबतचा कागद सहा भाषांत होता आणि त्यात मराठी नव्हती. (सहा भाषा सुचतात, सातवी सुचत नाही! असो.) मी इंग्रजी वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोनदा, लाल पेनानं खुणा करत.

तर रीळ म्हणजे रॉडखाली लटकणारी एक चकरी. तिचं हँडल फिरवलं की तंगूस गुंडाळला जातो. चकरीच्या पोटाखाली नखाएवढा एक खटका असतो. त्याचं नाव अँटी-रिव्हर्स. खटका चालू असला की हँडल फक्त पुढे फिरतं. बंद केला की पुढेही फिरतं आणि मागेही. मासा जोरात पळाला तर हँडल हातानं मागे फिरवत त्याला तंगूस देता येतो, याला म्हणतात बॅकरीलिंग. पण खटका बंद आणि हात सोडलेला, असं झालं तर ओढणारा जो कोणी असेल तो हँडल गरगरा उलटं फिरवत सगळा तंगूस घेऊन जातो. म्हणून शहाण्या माणसानं खटका चालू ठेवावा. तंगूस द्यायचं काम समोरचा ड्रॅग करतो. तो पिळून बसवायचा एक नॉब असतो, माशानं ठरावीक जोर लावला की आपोआप घसरतो आणि कर्रर्र असा आवाज करतो. साधी गोष्ट आहे. नववीच्या पोराला समजेल.

हे मी ओट्यावर सगळ्यांना बसवून शिकवलं. बाबा खाटेवर, माय दारात गहू निवडत, दादा भिंतीला टेकून. दादानं मोबाइलवर माशांचे चार व्हिडिओ पाहिले होते, त्यामुळे तो आता तज्ज्ञ होता.

"हे पाहा, चालू," मी म्हटलं. "मागे फिरते का? नाही. हे पाहा, बंद. आता फिरते. हे पाहा, चालू."

"मंग बंद कायले कराचा?" माय म्हणाली.

"करायचाच नाही!"

"कराचाच नाई त मंग ठेवला कायले त्याइनं?"

"अवं माय, बॅकरीलिंगसाठी ठेवला," दादा म्हणाला. "मोठेमोठे लोक तेच करतेत. म्या पायलं."

"तू काय पायलं? तुले तं बॅटरीचे सेल उलटे बसवता येते फक्त!" मी म्हटलं. (मी घरात शुद्ध बोलते. राग आला की मायची भाषा येते. त्यामुळे मी घरात फारशी शुद्ध बोलत नाही.)

एखादी गोष्ट डोक्यात बसवायची तर दहा वेळा दाखवावी, ही माझी पद्धत. मी चालू-बंद, चालू-बंद, चालू-बंद करून दाखवत राहिले. बाबा नुसते माझ्या अंगठ्याकडे पाहत होते. मला वाटलं, शिकताहेत. तेवढ्यात माय ओरडली, "दूध!" आणि मी रॉड खाट आणि भिंतीच्या फटीत खोचून आत धावले.

दूध गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघायच्या तयारीत. गुलाबकाका म्हणजे बाजूच्या तांड्यावरचे बाबांचे जुने दोस्त. ते रोज सकाळी म्हैस घेऊन आमच्या दारावरून जातात. म्हैस आमच्या ओट्यावर मान टेकवते, माय तिला शिळी भाकर देते, म्हैस पुढे जाते. वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्या सकाळी एवढाच फरक होता, की दादानं आदल्या संध्याकाळी "कसा दिसते ते पाहाले" म्हणून गळाला कणकेचा गोळा लावून ठेवला होता. गळ, त्याला लावलेलं शिसं आणि कणीक, अशा तिघांच्या वजनानं तंगूस स्वतःच्या स्वतः हळूहळू सुटत, हँडल हळूहळू उलटं फिरवत, बरोब्बर म्हशीच्या मानेच्या उंचीवर येऊन थांबला होता.

म्हशीनं भाकर खाल्ली. मान हलवली. गळ तिच्या गळ्यातल्या दाव्यात अडकला. (दाव्यात! म्हशीला ओरखडाही आला नाही. हे मी सगळ्यांना सांगून थकले.) आणि म्हैस निघाली.

"कुंदे," माय ओट्यावरून म्हणाली, "तुही चकरी एकटीच फिरून राह्यली व."

मी बाहेर आले. हँडल भिर्रर्र उलटं फिरत होतं. इतकं जोरात की दिसत नव्हतं. मी किंचाळले, "दादा! धर!"

दादा तोंडात ब्रश घेऊन मोरीतून धावत आला आणि त्यानं फिरत्या हँडलात हात घातला. टक्-टक्-टक्-टक्! चारी बोटांच्या पेरांवर हिशेबानं प्रसाद मिळाला.

"आई गंऽऽ! थांब, थांब, मी बॅकरीलिंग करतो!"

"ते आपोआपच होऊन राह्यलं, बावळ्या! पुढं फिरव!"

"पुढं म्हशीले ओढू का काय आता?"

एव्हाना म्हैस वळणापलीकडे गेली होती. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तंगूस दिसत नाही. मासा फसावा म्हणून तो मुद्दाम न दिसणारा बनवतात. आमचं गाव फसलं! सायकलवरचा दूधवाला हवेत अडला आणि कॅनसकट उकिरड्यावर बसला. दोन बाया पाण्याच्या घागरी घेऊन येत होत्या, त्या एकमेकींना बांधल्या गेल्या आणि "तू सोड", "तूच सोड" असं भांडू लागल्या. म्हैस हापशीला वळसा घालून गेली, त्यामुळे हापशीही आमच्या गळाला लागली. मागून काठी टेकत येणारे गुलाबकाका छातीशी तंगूस अडून एकदम थांबले. त्यांनी एक पाय पुढे टाकला, परत मागे आले. पुन्हा टाकला, पुन्हा मागे.

"याडीऽऽ!" काकांनी तांड्याच्या बोलीत आईला हाक मारली. "दिसत काई नाई, पन धरून ठेवून राह्यलं मले! अरे, कोनी मांत्रिकाले बोलवा!"

ती आरडाओरड ऐकून म्हैस बिथरली आणि पळाली.

चकरीवर दीडशे मीटर तंगूस होता. शेवटाला गाठ होती, माझ्या हातची, पक्की. दीडशे मीटर संपले. हँडल थांबलं. क्षणभर रॉड नुसता कुरकुरला, आणि मग फटीतून उसळून, दादाच्या कानशिलाला चाटून, ओट्यावरून उडी मारून दारातून निघून गेला. सोबत माझा लाल खुणांचा कागदही गेला. तो मी रबर लावून दांड्याला बांधला होता, वेळेवर सापडावा म्हणून.

"अवं, काठी चालली!" माय म्हणाली. "कुंदे, आवाज दे तिले!"

रॉडला आवाज! मी दिलाही.

हापशीपाशी रॉड अडकला, म्हैस थांबली, गाव जमलं. मी सगळ्यांच्या मध्ये उभी. कॉलेजला जायची साडी, केसांत धूळ, हातात कागदाशिवायचा नुसता रबर. गुलाबकाका छाती चोळत आले. "कुंदाबाई, मच्छी मनून माही म्हैस धरली का व? मागतली असती त दिली असती ना बाप्पा!" हसायची लाट उठली ती अजून कळंबपर्यंत जाते आहे.

मी घरी येऊन खटका पाहिला. बंद!

"दादा!" मी म्हटलं. "खटका तू बंद केला."

"म्या हात नाई लावला."

"कणीक कोनं लावली?"

"कनीक म्या लावली, खटका नाई!"

"कणीक लावता लावता बॅकरीलिंग केलं! चार व्हिडिओ पायले, झाला मोठा शिकारी!"

"माह्या गळ्याची आन, कुंदे! बाबा, तुमी सांगा ना इले!"

बाबा खाटेवर बसून डाव्या हातानं दाढी खाजवत होते. "हं," म्हणाले. हो नाही, ना नाही. नुसतं "हं."

त्यानंतर मृगापर्यंत सव्वा महिना मी दादाला सोडलं नाही. जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर. त्यानं पंख्याचं बटण दाबलं तरी मी म्हणायचे, "नीट पाय, चालू करून राह्यला का बंद." त्याला रिळाला हात लावायची बंदी केली. आणि खटका चालू करून त्यावर वायरिंगची काळी टेप गुंडाळली. तीन वेढे! वर खडूनं लिहिलं, 'हात लावू नये.' ड्रॅगचा नॉबही पार आवळून टाकला, म्हणजे त्याच्याशीही कोणी खेळायला नको. असा सगळा बंदोबस्त केल्यावर मला जरा बरं वाटलं.

तंगुसाचा जो गुंता परत आला होता, तो सोडवायला चार संध्याकाळी लागल्या. मी तर कात्री घेतली होती. बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि एक टोक दातांत धरून, डाव्या हाताच्या बोटांनी एकेक पीळ सोडवत बसले. लकव्यानंतर मी त्यांना एवढा वेळ एका कामाला बसलेलं पाहिलं नव्हतं. मग अंगणात सराव सुरू झाला. रॉडचा बुडखा लुळ्या हाताच्या काखेत दाबून धरायचा आणि डाव्या हातानं हँडल फिरवायचं. समोर दादा तंगुसाचं टोक धरून मासा व्हायचा. (तेवढंच काम मी त्याला दिलं होतं.)

पहिल्याच दिवशी बाबा थांबले.

"हे मांगं काहून नाई फिरत?"

"मागे फिरवायचं नाही, बाबा. खटका चालू आहे."

"मच्छी पळाली का पयले द्या लागते, पोरी. मंग घ्या लागते."

"द्यायचं काम मशीन करते. समोरचा ड्रॅग आहे ना."

"मशीनले कसं समजते, मच्छी दमली का नाई?"

"समजावं लागत नाही बाबा, घर्षण असते!"

"घर्षन कदी पान्यावर गेलतं का?"

"बाबा, कागदात लिवलं आहे!"

"कागद त म्हशीसंगं गेलता," दादा लांबून म्हणाला. मासा झालेला माणूस बोलतो कसा, म्हणून मी त्याच्यावर ओरडले.

बाबांनी टेपवर बोट फिरवलं, खडूची अक्षरं वाचल्यासारखी पाहिली आणि "हं" म्हणाले. त्या "हं"चा मला त्या वेळी अर्थ लागायला हवा होता. भौतिकशास्त्रात तो नव्हता.

मृग लागला. सकाळीच आम्ही सगळे धरणाच्या मागच्या पाण्यावर. मायनं घरी मसाला वाटूनच ठेवला होता आणि वर म्हणाली, "आज नाई भेटली मच्छी त तो मसाला म्या पान्यात फेकीन, पन वरन कराची नाई." म्हणजे या वेळी वरणाचीही सोय नव्हती. गुलाबकाका आले, म्हशीला घरी बांधून. ("कुंदाबाई येनार मनून बांधली.") दादाला मी गळ लांब फेकण्यापुरती परवानगी दिली. त्यानं फेकला. बाबा त्यांच्या जुन्या दगडावर बसले, रॉड काखेत, डावा हात हँडलवर.

बराच वेळ काही नाही. ऊन चढायला लागलं.

"कुंदे, गाडीतली पान्याची बाटली आन," बाबा म्हणाले.

मी बाटली घेऊन परत आले, तर बाबांच्या पायाशी दगडावर काळी साल पडलेली. माझी टेप! तीन वेढे, दातांनी सोललेले! आणि खटका? बंद!

"बाबा!" मी ओरडले. "हे काय केलं? कोनं केलं? दादा!"

"म्या इथं हाव का तिथं हाव, दिसत नाई का तुले?" दादा झाडाखालून ओरडला.

"म्या केलं," बाबा म्हणाले. "चूप राह्य. मच्छी आइकते."

आणि त्याच क्षणी रॉड वाकला. असा वाकला की टोक पाण्याला टेकलं. तंगूस सूंऽऽ करत पाणी कापत निघाला, आणि बाबांचं हँडल मागे फिरायला लागलं. सुटलं नव्हतं हो, ते फिरवत होते! तीन वेढे मागे, थांबले. एक पुढे. परत चार मागे. डोळे अर्धे मिटलेले, मान तिरकी, जणू तंगुसावरून कोणी काही सांगतं आहे.

"रोहू होय! मोठा होय!" गुलाबकाका उभे राहिले. "दे, दे, अजून दे त्याले... आता घे! घे ना बाप्पा!"

"मले नोको शिकवू, गुलाब."

"नाई शिकवत. पन घे!"

पाण्यात खूप लांब पांढरं पोट एकदा पलटलं. माय तोंडाला पदर लावून उभी. दादा हळूहळू जवळ आला, हात पाठीमागे बांधून, मी ओरडू नये म्हणून. आणि मी? मी फक्त त्या खटक्याकडे पाहत होते. बंद! कागदात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. आता हात घसरला तर? हँडल भिर्रर्र फिरेल, बोटं फुटतील, मासा जाईल, आणि बाबा परत खाटेवर जाऊन बसतील ते कायमचे. मी पाहिलं, रॉडवर काहीतरी थरथरत होतं. बाबांचा उजवा हात! लुळ्या हाताची दोन बोटं रॉडवर येऊन बसली होती आणि कापत होती. मला वाटलं, दमले. गेलं सगळं. आता मीच काहीतरी केलं पाहिजे. शेवटी शिक्षण कशासाठी असतं?

मी वाकले, रिळाखाली हात घातला आणि खटका चालू केला.

मागे फिरणारं हँडल जागच्या जागी थांबलं. ड्रॅगनं घसरून कर्रर्र म्हणायला हवं होतं. तो काही म्हणाला नाही, कारण तो मी आवळून ठेवला होता.

टन्न!

रॉड सरळ झाला. तंगुसाचं टोक वाऱ्यावर वळवळत परत आलं. पाणी हललं, मग थांबलं.

गुलाबकाका आमच्याकडे पाठ करून आभाळ पाहायला लागले. आणि मी तोंड उघडलं. काय बोलले असेन? माफी? छे! मी म्हटलं, "दादानं गाठ कच्ची मारली असन!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बाजारात भेंडी घेताना पाहतात तसं, जून आहे का कोवळी.

"संजू, तू जाय बरं, दुसरा गळ आन," ते दादाला म्हणाले. तो गेल्यावर, सावकाश, "त्या म्हशीच्या दिवशी खटका तुहाच होता, कुंदे."

"माहा?"

"चालू, बंद, चालू, बंद. मंग दूध गेलं. तू उठली तवा बंद होता. म्या पायत होतो ना."

"मग बोलले काहून नाई?" मला इतका राग आला की रडू आलं. "सव्वा महिना मी त्याले बोलून राह्यली!"

"मले वाटलं, शिकलेली पोट्टी हाय, आपसूक समजन." त्यांनी दगडावरची काळी साल उचलली, माझ्यासमोर धरली. "टेप मशीनले नाई लावाची होती, पोरी. जाय, त्या बाभळीखाली बस. हात मांडीखाली ठेव."

मी बाभळीखाली जाऊन बसले. हात मांडीखाली ठेवले. बाभळीखाली काटे असतात, हे सांगायची गरज नाही.

नवा गळ दादानं बांधला, फेकला. यानंतर बाबांनी हँडल मागे फिरवलं की मी डोळे मिटून घ्यायचे. दुपार कलायच्या आत त्यांनी एक मासा काढला. मोठा नव्हता. वीतभर. गुलाबकाकांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "म्हशीपेक्षा लायना हाय, पन हाय." बाबांनी तो पिशवीत टाकला नाही. गाडी वेशीवरच सोडून, डाव्या हातात लटकवत, सगळ्या गावातून, हापशीवरून, चालत घरी आणला.

"काय व, मसाला वाटला का नाई?" ते दारातून म्हणाले.

माय त्यांच्या शेजारीच चालत आली होती. तरी म्हणाली, "वाटला."

वीतभर माशाचा पातेलंभर रस्सा झाला. डोकं बाबांना, मधला तुकडा दादाला, एक मायनं घेतला. माझ्या ताटात शेपूट आलं. बी.एस्सी., भौतिकशास्त्र, शेपूट! मी वर पाहिलं. कोणीच माझ्याकडे पाहत नव्हतं, सगळे मन लावून काटे काढत होते. मांजर दारात बसून होती, तिला या वर्षी कोणी विचारत नव्हतं. मी आणि ती, आम्ही दोघींनी थोडा वेळ एकमेकींकडे पाहिलं.

मग मी मीठ घ्यायला हात पुढे केला. माझ्या ताटाशेजारी, जिथे माय लोणचं ठेवते त्या जागी, दादानं काळ्या टेपचं अख्खं बंडल ठेवलं होतं. सव्वा महिन्याचं सगळं त्यानं तेवढ्यात आटोपलं.

मला भयंकर राग आला. मी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. टेप न लावता मिटलं, एवढीच काय ती त्या दिवशी पदवीची अब्रू राहिली.